टिकटॉक गेलं, मग वीस कोटी लोकांची नजर कुठे गेली?

२९ जून २०२० च्या रात्री केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली चीनशी संबंधित ५९ ॲपवर बंदी घातली. भारत आणि चीनच्या सैन्यांत गलवानला झालेल्या चकमकीला दोन आठवडे झाले होते. यादीत यूसी ब्राउझर होता, शेअरइट होतं, कागदपत्रं स्कॅन करायला सर्रास वापरलं जाणारं कॅमस्कॅनर होतं. लोकांच्या तोंडी मात्र एकच नाव राहिलं, टिकटॉक. भारतात ते सुमारे वीस कोटी लोक वापरत होते. सेन्सर टॉवर या संस्थेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये मांडलेल्या हिशेबानुसार जगभरात टिकटॉक दोनशे कोटी वेळा डाउनलोड झालं होतं आणि त्यातले ६१ कोटी डाउनलोड एकट्या भारतातले होते.

समाजमाध्यमांच्या स्पर्धेवर बोलताना एक अडचण नेहमी येते. एक माध्यम मागे पडतं, दुसरं पुढे जातं, पण तोवर फोन बदललेले असतात, डेटाचे दर बदललेले असतात, पिढीही बदललेली असते. कशामुळे काय झालं हे वेगळं काढता येत नाही. भारतात २०२० साली ही अडचण नव्हती. सगळ्यात मोठा खेळाडू एका रात्रीत मैदानाबाहेर गेला. प्रेक्षक तेच राहिले, त्यांचे फोन तेच राहिले, लॉकडाऊनमुळे हाताशी वेळही होता. रिकामी झालेली जागा कोण, कशाच्या जोरावर आणि किती दिवसांत बळकावतो, हे इतकं स्वच्छ दिसण्याची संधी क्वचित मिळते. म्हणून मी हे प्रकरण निवडलं.

टिकटॉकने नेमकं काय बदललं होतं

बाइटडान्स ही झांग यिमिंग यांनी २०१२ मध्ये बीजिंगमध्ये काढलेली कंपनी. तिने २०१६ मध्ये चीनसाठी डोयिन आणि पुढच्या वर्षी चीनबाहेरच्या जगासाठी टिकटॉक आणलं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिने म्युझिकली हे छोट्या व्हिडिओंचं ॲप विकत घेतलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते टिकटॉकमध्ये मिसळून टाकलं. भारतात जमीन आधीच तयार होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्यांच्या घरी कधी संगणक नव्हता त्यांच्या हातात व्हिडिओ आला.

टिकटॉकचं खरं बळ दिसायला साधं होतं. फेसबुक आणि इन्स्टाग्राम तोवर ओळखीवर चालत होते. तुम्ही कोणाला मित्र केलंत, कोणाला फॉलो केलंत, त्यावर तुम्हाला काय दिसणार ते ठरायचं. टिकटॉकने ओळख बाजूला ठेवली.

समजा २०१९ साली खामगावच्या एसटी स्टँडवर एक मुलगा बसची वाट बघतोय. तो टिकटॉक उघडतो. पहिला व्हिडिओ क्रिकेटचा आहे. एका सेकंदात अंगठा वर सरकतो. दुसऱ्यात चिखलात रुतलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढताहेत. तो शेवटपर्यंत बघतो, व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू होतो, आणि हा दुसऱ्यांदाही बघतो. तिसऱ्यात कोणीतरी रडण्याचा अभिनय करतंय, दोन सेकंद. चौथ्यात गावच्या यात्रेतली बैलगाडा शर्यत आहे. आवाज वाढवला जातो आणि व्हिडिओ मामाच्या मुलाला व्हॉट्सॲपवर जातो. या मुलाने कोणाला फॉलो केलेलं नाही, एक अक्षर टाइप केलेलं नाही, साधं लाइकचं बटणही दाबलेलं नाही. तरी कुठे किती सेकंद थांबला, काय दोनदा बघितलं, कुठे आवाज वाढवला, काय पुढे पाठवलं, हे सगळं नोंदलं गेलं. बस लागेपर्यंत त्याच्या स्क्रीनवर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रीघ लागलेली असते.

पूर्ण स्क्रीन भरणारा एकच व्हिडिओ, तो आपोआप सुरू होणारा, आणि खाली कधीच न संपणारी रांग. या रचनेमुळे यंत्राला प्रत्येक व्हिडिओमागे एक स्पष्ट उत्तर मिळतं: थांबला की सरकला. युट्यूबच्या मुखपृष्ठावर दहा चौकोन असतात. माणसाने एक निवडला तर बाकीचे नऊ आवडले नाहीत की नजरेलाच पडले नाहीत, हे कळत नाही. टिकटॉकवर अंगठ्याची प्रत्येक हालचाल हा निकाल असतो आणि मिनिटाला असे कित्येक निकाल जमा होतात. टिकटॉकच्या गुप्त गणिताबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण माझ्या मते गणितापेक्षा मांडणीने जास्त काम केलं.

या मांडणीचा एक चांगला परिणामही झाला आणि तो मोकळेपणाने सांगायला हवा. नवा व्हिडिओ आधी थोड्या अनोळखी लोकांना दाखवायचा, ते थांबले तर आणखी लोकांना, अशी पद्धत असल्यामुळे आधीपासून नाव असण्याची गरज उरली नाही. खानदेशातल्या वाड्यावस्त्यांवरून, शेताच्या बांधावरून, नव्वदच्या दशकातल्या हिंदी गाण्यांवर नाचणारी माणसं लाखोंपर्यंत पोचली. इन्स्टाग्रामवर तेव्हा कॉफीचे कप आणि विमानाच्या खिडक्या होत्या. या माणसांना तिथे कोणी विचारलं नसतं.

दोन रंगीत तालमी

बंदीच्या आधी दोन प्रसंग घडले होते. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टिकटॉक गुगल आणि ॲपलच्या स्टोअरवरून काही दिवस काढलं गेलं. दिवसाला पाच लाख डॉलरपर्यंत नुकसान होत असल्याचं कंपनीने न्यायालयात सांगितलं. पण ज्यांच्या फोनमध्ये ॲप आधीच होतं त्यांचं ते चालूच राहिलं, सवय मोडली नाही आणि स्पर्धकांच्या हाती फारसं काही लागलं नाही. डाउनलोड थांबवणं आणि वापर थांबवणं यांत किती फरक आहे, हे तेव्हाच दिसलं होतं.

दुसरा प्रसंग मे २०२० चा. युट्यूब मोठं की टिकटॉक, या वादात कॅरीमिनाटी या युट्यूबरने एका टिकटॉक कलाकाराची खिल्ली उडवणारा व्हिडिओ टाकला. काही दिवसांत तो कोट्यवधी लोकांनी बघितला, मग छळवणुकीविरुद्धच्या नियमावर बोट ठेवून युट्यूबने तो काढला. चिडलेल्या चाहत्यांनी प्ले स्टोअरवर टिकटॉकला एक-एक तारा देऊन त्याचं मानांकन दोनच्या खाली आणलं आणि गुगलला लाखो शेरे पुसावे लागले. यात दोन कंपन्यांपैकी कोणीही उघडपणे उतरलं नव्हतं. आपली रोजची करमणूक हीच आपली ओळख, असं प्रेक्षकांनीच मानलं होतं. टिकटॉकवरच्या माणसांची भाषा, कपडे, घर यांवरून त्यांना हिणवण्याचा सूरही त्या वादात होता. तो मला तेव्हाही खटकला, आजही खटकतो.

आठ दिवस

बंदीनंतर पहिला फायदा देशी ॲपना झाला. शेअरचॅट ही आयआयटी कानपूरच्या तीन मित्रांनी काढलेली, भारतीय भाषांवर उभी राहिलेली कंपनी. तिने दोन दिवसांच्या आत ‘मोज’ आणलं. एमएक्स प्लेयरने ‘टकाटक’ काढलं, डेलीहंटवाल्यांनी ‘जोश’ आणलं. चिंगारी, रोपोसो, मित्रों ही ॲप आधीपासून होती. त्यांच्याकडे एकदम लोंढा आला. देशाभिमानाची लाट त्यांच्या बाजूने होती, भाषा त्यांच्या बाजूने होती, आणि गुंतवणूकदार पैसे घेऊन दारात उभे होते.

८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ सुरू केलं. ही घाईत केलेली जुळवाजुळव नव्हती. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्राझीलमध्ये आणि जून २०२० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीत त्याची चाचणी झाली होती. इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुकने टिकटॉकसारखं ‘लासो’ नावाचं वेगळं ॲपही काढून बघितलं होतं. ते चाललं नाही आणि रील्स भारतात आल्यावर दोनच दिवसांनी, १० जुलैला, बंद झालं. माझ्या मते लासोच्या अपयशातून फेसबुक सगळ्यात जास्त शिकलं. लोकांना नवं ॲप घ्यायला लावू नका. ते रोज जिथे येतात तिथेच नवी खोली बांधा. २०१६ मध्ये स्नॅपचॅटच्या ‘स्टोरीज’ इन्स्टाग्रामने जशाच्या तशा उचलल्या, तेव्हाही हाच डाव होता. युट्यूबने सप्टेंबरमध्ये ‘शॉर्ट्स’ची चाचणी सुरू केली, तीही आधी भारतातच. अमेरिकेला रील्स ५ ऑगस्टला मिळालं आणि शॉर्ट्स पुढच्या मार्चमध्ये. जगातल्या दोन बलाढ्य कंपन्यांनी आपलं सगळ्यात महत्त्वाचं शस्त्र आपल्याकडे परजून घेतलं.

देशी ॲप का मागे पडली

सोपं उत्तर असं की त्यांच्याकडे पैसा कमी होता. सुरुवातीला ते खरं नव्हतं. मोज आणि जोश या दोघांच्या मागे मोठं भांडवल होतं. कारणं वेगळी होती आणि त्यातली तीन मला महत्त्वाची वाटतात.

पहिलं कारण कलाकारांच्या वागण्यात होतं. बंदीची बातमी आली तसे टिकटॉकवर निरोपाचे व्हिडिओ पडू लागले. जवळपास प्रत्येकात एकच विनंती होती: मला इन्स्टावर शोधा, माझं युट्यूब चॅनल सबस्क्राइब करा. मोज तेव्हा जन्मलंही नव्हतं. जिथे त्यांचं खातं आधीच होतं, तिथलाच पत्ता ते देऊ शकत होते. चाहते गेले ते त्या पत्त्यावर. लोंढा कुठे वळणार, हे पहिल्या काही तासांतच बऱ्याच अंशी ठरलं होतं.

दुसरं कारण गाण्यांचं. छोट्या व्हिडिओचा निम्मा जीव गाण्यात असतो. फेसबुकने मार्च २०१९ मध्येच टी-सीरिज, झी म्युझिक आणि यशराज यांच्याशी करार केले होते आणि बंदीच्या महिन्यात, जून २०२० मध्ये, सारेगामाशी. म्हणजे रील्स उघडलं त्या दिवशी हिंदी चित्रपटसंगीताचा मोठा साठा कायदेशीरपणे हाताशी होता. त्याच काळात काही देशी ॲपना टी-सीरिजच्या नोटिसा येत होत्या. त्यांनीही नंतर करार केले, पण सुरुवातीचे महिने परत मिळत नाहीत.

तिसरं कारण सगळ्यात खोल आहे. मोज उघडायचं तर माणसाला ‘आता मोज बघू’ असं मनात आणावं लागतं. इन्स्टाग्राम मात्र तो मैत्रिणीचा मेसेज बघायला उघडतो, युट्यूब भजन लावायला किंवा बातम्या ऐकायला उघडतो, आणि बाजूच्या खोलीत रील्स किंवा शॉर्ट्स त्याची वाट बघत असतात. लक्ष वेधण्याच्या शर्यतीत चांगला व्हिडिओ असणं नंतर येतं. माणूस ज्या कारणाने फोन हातात घेतो, ते कारण आधीच कोणाच्या ताब्यात आहे, यावर बरंच काही ठरतं. मोठ्या ॲपकडे अशी कारणं डझनभर होती. देशी ॲपकडे एकच होतं, आणि ते कारण आता तिथेही भागत होतं.

पुढचा प्रवास लवकर सांगता येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये बंदीच्या नव्या यादीत स्नॅक व्हिडिओ हे चिनी ॲपही गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये टकाटक मोजमध्ये विलीन झालं. जानेवारी २०२३ मध्ये शेअरचॅटने आपले सुमारे वीस टक्के कर्मचारी कमी केले.

जिंकणाऱ्यांनी काय दिलं

इन्स्टाग्राम जिंकलं, पण ते पूर्वीचं इन्स्टाग्राम उरलं नाही. जून २०२१ च्या शेवटी त्याचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जाहीरपणे सांगितलं की हे आता केवळ फोटो टाकण्याचं ॲप राहिलेलं नाही. टिकटॉकचा उरलेला माल आपल्याकडे चालू नये म्हणून त्याचा शिक्का असलेले व्हिडिओ लोकांना सुचवायचे नाहीत, असं त्यांनी २०२१ च्या सुरुवातीलाच ठरवलं होतं. तरीही भारताबाहेर टिकटॉक वाढतच राहिलं. ३ फेब्रुवारी २०२२ ला मेटाचा (फेसबुक कंपनीचं नवं नाव) शेअर एका दिवसात २६ टक्क्यांनी कोसळला. फेसबुकच्या रोजच्या वापरकर्त्यांची संख्या आदल्या तिमाहीत पहिल्यांदाच किंचित घटली होती आणि मार्क झकरबर्ग यांनी गुंतवणूकदारांसमोर टिकटॉकचं नाव घेऊन स्पर्धेची कबुली दिली होती.

मग त्यांनी आणखी जोर लावला. २०२२ च्या जुलैमध्ये इन्स्टाग्रामने अनोळखी लोकांचे व्हिडिओ इतके पुढे रेटले की वापरकर्ते वैतागले, जगातल्या बड्या खात्यांनीही तक्रार केली, आणि मोसेरी यांना काही बदल मागे घ्यावे लागले. तात्पुरतेच. एप्रिल २०२३ मध्ये झकरबर्ग यांनी सांगितलं की रील्स आल्यापासून यंत्राच्या शिफारशींमुळे इन्स्टाग्रामवर घालवला जाणारा वेळ २४ टक्क्यांहून जास्त वाढलाय. वापरकर्ते तक्रार करत होते आणि तेच वापरकर्ते जास्त वेळही देत होते. कंपनीने दुसरी गोष्ट मोजली, पहिली बाजूला ठेवली. या धंद्यावरचा माझा मोठा आक्षेप हाच आहे. माणूस कशासमोर थांबतो हे त्यांना नेमकं कळतं. थांबल्याबद्दल त्याला नंतर काय वाटतं, हे त्यांच्या वाढीच्या आकड्यांत येत नाही.

युट्यूबचा मार्ग थोडा वेगळा होता. २०१२ मध्येच त्याने ‘किती वेळा उघडला’ याऐवजी ‘किती वेळ बघितला’ हे माप धरलं होतं आणि चार वर्षांत जगभर दिवसाला शंभर कोटी तास व्हिडिओ बघितले जाऊ लागले. छोट्या व्हिडिओत त्याने निर्मात्यांना पैशाचं आमिष दाखवलं. मे २०२१ मध्ये दहा कोटी डॉलरचा निधी जाहीर केला आणि १ फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा द्यायला सुरुवात केली. निर्मात्यांसाठी ठेवलेल्या रकमेतला ४५ टक्के हिस्सा त्यांना मिळतो. लांब व्हिडिओवर तो ५५ टक्के असतो. एक शॉर्ट काही सेकंदांत संपतं आणि जाहिरात प्रत्येक शॉर्टला चिकटलेली नसते, त्यामुळे लाखभर लोकांनी बघितलेल्या शॉर्टचे हाती येणारे पैसे पाहून नवे निर्माते चकित होतात. अनेक जण शॉर्ट्सकडे लोकांना लांब व्हिडिओपर्यंत आणण्याची जाहिरात म्हणूनच बघतात.

दरम्यान टिकटॉक, इन्स्टाग्राम आणि युट्यूब ही तिन्ही माध्यमं एकमेकांसारखी होत गेली. पंधरा सेकंदांचं रील आधी तीस, मग साठ, मग नव्वद सेकंदांचं आणि जानेवारी २०२५ मध्ये तीन मिनिटांचं झालं. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्सही तीन मिनिटांचे होऊ शकतात. आज तिन्हींची स्क्रीन शेजारी ठेवली आणि चिन्हं झाकली, तर कोणती कुठली ते ओळखताना अडखळायला होतं. स्पर्धेने ग्राहकाला निवड मिळते, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. इथे स्पर्धा कमालीची तीव्र आहे, पण वेगळं काही हवं असलेल्या माणसाला जागा उरलेली नाही. न संपणारी रांग नको, फक्त माझ्या ओळखीच्या लोकांचे फोटो पुरेत, असं म्हणणाऱ्याने जायचं कुठे?

अमेरिकेतल्या एका खटल्यात हे आकड्यांत आलं. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप विकत घेऊन मेटाने मक्तेदारी केली, असा दावा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२० मध्ये लावला होता. १८ नोव्हेंबर २०२५ ला न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी निकाल मेटाच्या बाजूने दिला. टिकटॉक आणि युट्यूब हे मेटाचे खरे प्रतिस्पर्धी आहेत, म्हणून आज तिची मक्तेदारी सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. निकालात एक माहिती आहे: अमेरिकेत लोक फेसबुकवरच्या वेळापैकी केवळ १७ टक्के आणि इन्स्टाग्रामवरच्या वेळापैकी ७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेलं बघण्यात घालवतात. मक्तेदारी नाही, हे कायद्याच्या चौकटीत पटण्यासारखं आहे. पण मित्रांसाठी उभारलेल्या जागेत मित्रांचा वाटा सात टक्क्यांवर आला, हेही याच स्पर्धेचं फळ आहे.

कलाकारांचं काय झालं

ज्यांची खाती आधीच इतर ठिकाणी होती, शहरात ओळखी होत्या, इंग्रजी मथळे जमत होते, त्यांनी वर्षभरात जम बसवला. ज्यांचं सगळं टिकटॉकवरच होतं, त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. लाखो चाहत्यांची यादी त्यांच्या हाती कधीच नव्हती. ती कंपनीच्या सर्व्हरवर होती आणि बंदीबरोबर गेली. जानेवारी २०२१ मध्ये बंदी कायमची झाली तेव्हा परत येण्याची आशाही संपली. गावाकडची भाषा, अहिराणी आणि वऱ्हाडी विनोद, आज रील्स आणि शॉर्ट्सवर भरपूर दिसतो, हे खरं आहे. पण त्यात दिसणारी बरीच माणसं नवी आहेत.

हा धोका फक्त बंदीमुळे येत नाही. खातं हॅक झालं, चुकून बंद झालं, किंवा कंपनीने शिफारशीचे नियम बदलले, तरी परिणाम तोच. आपले चाहते एका माध्यमावरून दुसऱ्यावर नेण्याचा हक्क कलाकाराला असता, तर मोजसारख्या नव्या ॲपलाही बरोबरीने खेळता आलं असतं; चाहते असे नेता न येणं हीच मोठ्या कंपन्यांची सगळ्यात भक्कम तटबंदी आहे. भारताच्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण विधेयकाच्या २०१९ च्या मसुद्यात, माणसाला निदान आपली विदा एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. चाहत्यांची यादी त्यात बसली असती का, यावर वाद झाला असता, पण वादाला जागा तरी होती. युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स कायद्यात अशी तरतूद केली आणि मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांना ती पाळावी लागते. आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मंजूर केला, त्यातून हा हक्क गाळला गेला. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कायद्यातच नसलेला हा हक्क त्यांतूनही मिळालेला नाही.